लस घेतल्यानंतरचा टायटर: हिपॅटायटिस बी आणि इतर काही लशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका लहान लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. नर्सिंगच्या मुली, डायलिसिसवरचे पेशंट, परदेशी निघालेले विद्यार्थी, कुत्रा चावलेले, आणि २०२१ मध्ये तर अख्ख्या हाउसिंग सोसायट्या, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. भर हिपॅटायटिस बीवर दिला आहे, कारण लशीनंतरचा अँटिबॉडीचा आकडा, म्हणजेच टायटर, बघून खरोखर काही ठरवता येतं अशा मोजक्या लशींपैकी ती एक आहे.

रिपोर्ट हातात आला. आधी काय बघू?

आकडा सोडून बाकीचं. टेस्टचं पूर्ण नाव, एकक आणि शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख. ही तारीख रिपोर्टवर नसते, तुमच्या कार्डावर असते. म्हणून कार्ड बरोबर आणा असं आम्ही सांगतो, आणि कुणी आणत नाही.

नावाच्या गोंधळात माणसं हकनाक घाबरतात. एक गृहस्थ सकाळी लॅब उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. "मॅडम, मला बीची कावीळ निघाली." रिपोर्ट बघितला तर अँटी-एचबीएस, १८६, पुढे 'रिअॅक्टिव्ह'. म्हणजे लस उत्तम लागली होती. यांनी मात्र रात्रीपासून घरात स्वतःचं ताट-वाटी वेगळं केलं होतं. (बी प्रकारची कावीळ जेवणाच्या ताटातून पसरतही नाही, पण ते असो.)

तीन नावं वेगळी ओळखा. एचबीएसएजी हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते रक्तात सापडलं तर संसर्ग आहे. अँटी-एचबीएस ही त्या प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी, म्हणजे संरक्षण. अँटी-एचबीसी ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी. लशीत गाभा नसतो, फक्त पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, त्यामुळे लशीने अँटी-एचबीसी कधीच पॉझिटिव्ह येत नाही. फक्त अँटी-एचबीएस आलं तर ती लशीची कमाई. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि दोन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असतील तर पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन बरा झाला आहे, बहुधा तुमच्या नकळत.

अँटी-एचबीएस १० म्हणजे नेमकं काय?

एका मिलिलिटरमागे १० मिली-इंटरनॅशनल युनिट. रिपोर्टवर हे एमआययू/एमएल असं छापतात. काही लॅब आययू/लिटर लिहितात. आकडा तोच राहतो, गुणाकार-भागाकार करत बसू नका.

तीन डोस (पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहाव्या महिन्यात) पूर्ण झाले, त्यानंतर एक ते दोन महिन्यांत रक्त दिलं आणि १० किंवा त्याहून जास्त आलं, की लस लागली. निरोगी माणसाच्या बाबतीत हे उत्तर कायमचं मानतात. पुढे पुन्हा पुन्हा टायटर काढायची गरज राहत नाही.

९.६ आणि १०.३ यांच्यात भिंत उभी आहे असं मात्र समजू नका. तेवढा फरक एकाच नमुन्यात, एकाच मशीनवर, दोन वेळा लावल्यावरही पडतो. असा काठावरचा आकडा आला तर आम्ही पुन्हा लावून बघतो.

माझा १४ आला, नवऱ्याचा ९००. त्यांना जास्त संरक्षण आहे का?

दहावीला ३५ टक्के मिळालेला आणि ९५ टक्के मिळालेला, दोघेही पासच असतात. फरक एवढाच की ९०० वाल्याचा आकडा १० च्या खाली यायला जास्त वर्षं लागतील. आज तुम्ही दोघेही सुरक्षित आहात. यावरून घरात वाद घालणारी जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी डोस घेतले होते. आता टायटर ४ आला. लस उतरली का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही यालाच मिळतात.

अँटिबॉडी पहिल्या वर्षात भराभर उतरतात, मग सावकाश. काही वर्षांनी बऱ्याच जणांचा आकडा १० च्या खाली जातो. पण अँटिबॉडी हा लशीचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, आणि त्या या टेस्टमध्ये दिसत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू तसा संथ आहे. शिरकाव केल्यापासून आजार दिसायला साधारण दोन ते पाच महिने लागतात. तेवढा वेळ स्मृतिपेशींना नव्याने अँटिबॉडी तयार करायला पुरतो. म्हणून एकदा १० गाठलेल्या निरोगी माणसाला पुढे आकडा उतरला तरी बूस्टर लागत नाही.

खरी अडचण 'एकदा गाठलेल्या' या शब्दांत आहे. तुम्ही तेव्हा टायटर काढलाच नव्हता. मग आजचा ४ दोन गोष्टी सांगू शकतो: लस लागली होती आणि आता आकडा उतरला आहे, किंवा लस मुळात लागलीच नव्हती. एका आकड्यावरून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत, कितीही महाग मशीन असलं तरी.

तुम्ही घरी किंवा ऑफिसात काम करणारे, एरवी धडधाकट असाल तर यात काही करायचं नाही. दवाखाना, लॅब, रक्तपेढी, असं काम असेल तर एक डोस घ्या आणि एक ते दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. स्मृतिपेशी असतील तर आकडा टुणकन उडी मारतो, ४ चे ४०० होतात, आणि प्रश्न तिथे मिटतो. १० च्या आतच राहिला तर उरलेले दोन डोस घेऊन दुसरा कोर्स पूर्ण करायचा आणि पुन्हा टायटर काढायचा.

इतक्या वर्षांपूर्वी लस घेतलेल्या बऱ्याच जणांकडे कागदच नसतो. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली. त्याआधी ही लस बाहेरून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही. पुढे स्वस्त झाल्यावर अनेकांनी शिबिरांत घेतली, आणि किती डोस पूर्ण झाले ते आता आठवत नाही. "दोन तर नक्की घेतले, तिसऱ्याला पाऊस होता" हे मी शब्दशः ऐकलं आहे. कागद नसेल तर डोस झालेच नाहीत असं धरून नव्याने सुरू करा. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही.

तिन्ही डोस वेळेवर घेतले, दोन महिन्यांनी टायटर काढला, तरी १० च्या खाली. असं कसं?

साधारण ५ ते १० टक्के प्रौढांमध्ये होतं. चाळिशी ओलांडलेली, वजन जास्त, सिगारेट, मधुमेह, किडनीचा आजार, यांपैकी काही असेल तर शक्यता वाढते.

पण त्याआधी एक प्रश्न विचारते, तो तुम्हीही स्वतःला विचारा: इंजेक्शन कुठे घेतलं? आमच्याकडे एक स्टाफ नर्स आली होती, सव्वीस वर्षांची, सडपातळ, कसलाच आजार नाही. टायटर ६.४. जिथे काम करते तिथे तिला "बूस्टर घे" एवढंच सांगितलं होतं. कुठे घेतलंस म्हटल्यावर तिने कमरेवर हात ठेवला. "दंडात दुखतं ना मॅडम, दुसऱ्या दिवशी ड्यूटी असते. आम्ही एकमेकींनाच देतो, कमरेत." तिन्ही डोस असेच. कमरेखाली चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत नीट पोचत नाही आणि प्रतिसाद कमी येतो. ही लस मोठ्यांना दंडाच्या स्नायूतच द्यायची असते. तिने दुसरा कोर्स दंडात घेतला. टायटर आला २१२. तिच्या बॅचच्या आणखी चौघी मग आपापल्या कमरेचा हिशेब घेऊन आल्या.

दुसऱ्या कोर्सनंतरही १० च्या आत राहिलं तर सातवा, आठवा डोस मारत बसू नका. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी करून घ्या. कधीकधी कळतं की माणसाला संसर्ग आधीपासूनच होता, लस त्यावर काम करूच शकत नव्हती. ही बातमी काउंटरवर देण्यासारखी नसते, त्यामुळे असा रिपोर्ट मी डॉक्टरांकडेच पाठवते. दोन्ही निगेटिव्ह आले तर तुम्ही 'नॉन-रिस्पॉन्डर', म्हणजे लशीला प्रतिसाद न देणारे. ते कागदावर लिहून ठेवायचं, कारण पुढच्या प्रश्नात त्याचं काम आहे.

पेशंटला वापरलेली सुई टोचली. आता टायटर काढू का?

आधी साबणाने भरपूर पाण्याखाली धुवा. पिळू नका. मग लगेच कळवा.

तुमचा पूर्वी कधीही नीट वेळेवर काढलेला टायटर १० किंवा जास्त असल्याचा कागद असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काहीच करायचं नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा विचार वेगळा, तो करावाच लागतो. कागद नसेल किंवा प्रतिसाद आला नव्हता, आणि ज्याची सुई तो पेशंट एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल किंवा माहीत नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागू शकतं. ते २४ तासांच्या आत घेतलेलं चांगलं, सात दिवसांनंतर उपयोग मानत नाहीत. नॉन-रिस्पॉन्डरला महिन्याच्या अंतराने दोनदा देतात. या घाईच्या वेळी घरातला एक जुना रिपोर्ट किती धावपळ वाचवतो ते ज्याला टोचली त्याला विचारा.

डायलिसिसवरच्या वडिलांना दरवर्षी टायटर सांगतात. तुम्ही तर म्हणता पुन्हा काढू नका?

त्यांच्यासाठी काढायचाच. निरोगी माणसाचा नियम इथे चालत नाही. किडनी निकामी झालेल्यांची प्रतिकारशक्ती मंद असते, स्मृतिपेशींवर विसंबता येत नाही. आणि डायलिसिस युनिटमध्ये रक्ताचा संपर्क रोजचाच, त्यात हा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. म्हणून लस दुप्पट मात्रेत, वर्षातून एकदा टायटर, आणि १० च्या खाली गेला की बूस्टर.

आईला हिपॅटायटिस बी आहे. बाळाची तपासणी कधी?

९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही. आधी घाई केली तर जन्मतः दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या उसन्या अँटिबॉडीच मोजल्या जातात आणि खोटा दिलासा मिळतो. जन्मानंतर २४ तासांतला डोस आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांचे पेंटाव्हॅलंट (हिपॅटायटिस बीसह पाच आजारांवरची एकत्र लस) चुकवू नका, हे टायटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

परवा लस घेतली आणि ऑपरेशनआधीच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं!

लशीतच ते प्रथिन आहे. डोसानंतर साधारण अडीच आठवड्यांपर्यंत ते रक्तात सापडू शकतं. लस घेतल्याचं सांगा आणि महिन्याभराने पुन्हा तपासा.

नर्सिंगसाठी इंग्लंडला जायचंय. ४५ टायटर चालेल ना? आणि अमेरिकेच्या कॉलेजने गोवर, रुबेला, कांजिण्यांचेही टायटर मागितलेत.

४५ म्हणजे संरक्षण आहे. पण ब्रिटनमध्ये १०० च्या वरचा प्रतिसाद पसंत करतात. १० ते १०० मध्ये असाल तर एक डोस जास्तीचा देतात आणि विषय संपवतात. वाद घालू नका, डोस घ्या.

अमेरिकेची गोष्ट जरा गमतीची. तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या सूचनांनुसार आरोग्य कर्मचाऱ्याकडे एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्र लशीच्या) दोन डोसांची लेखी नोंद असेल तर पुढे टायटर निगेटिव्ह आला तरी नोंदच ग्राह्य धरतात. कांजिण्यांच्या लशीचंही तेच, कारण बाजारातल्या नेहमीच्या टेस्ट आजाराने आलेल्या अँटिबॉडी पकडतात, लशीने आलेल्या थोड्याशा अनेकदा निसटतात. म्हणजे टायटरवर पैसे घालवण्याआधी आईच्या कपाटातलं जुनं लसीकरण कार्ड शोधा. कॉलेजचा फॉर्म तरीही आकडाच मागत असेल तर इलाज नाही. फॉर्म भरणाऱ्याशी भांडून कुणी जिंकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गरोदरपणाआधी रुबेला आयजीजी (टिकाऊ संरक्षण दाखवणारी अँटिबॉडी) निगेटिव्ह आला.

लशीची नोंद नसेल तर एमएमआर घ्या आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळा. आधीच गरोदर असाल तर लस बाळंतपणानंतर. लस घेतल्यावर लगोलग आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण मानली जाणारी अँटिबॉडी) करू नका. लशीमुळे ते पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि मग नसती घबराट होते.

कोव्हिशिल्ड घेतली होती तेव्हा अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या होत्या. लस फुकट गेली का?

जुना रिपोर्ट असेल तर काढा आणि बघा, 'एन' लिहिलंय की 'एस'. कोव्हिशिल्ड, म्हणजे पुण्यात सीरमने बनवलेली लस, शरीराला फक्त एस म्हणजे काट्याचं प्रथिन दाखवते. एन म्हणजे आतलं प्रथिन त्यात नाहीच. त्यामुळे एनची टेस्ट निगेटिव्ह येणं हे अगदी बरोबर होतं. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने एनविरुद्धही थोड्या अँटिबॉडी येऊ शकतात. २०२१ मध्ये लोकांना हा फरक कुणी सांगितला नाही, आणि लॅबवाल्यांनीही (आम्ही धरून) पॅकेजेस विकली.

एसचा आकडा असला तरी त्याची तुलना नको. अॅबटच्या मशीनवर ५० च्या वर पॉझिटिव्ह, रोशच्या मशीनवर ०.८ च्या वर, कारण दोघांची युनिटं वेगळी. एका सोसायटीच्या ग्रुपवर दोन विंगांची चढाओढ लागली होती. ए विंगचे आकडे हजारात, बी विंगचे शेकड्यात. दोन्ही विंगांचं रक्त वेगवेगळ्या लॅबला गेलं होतं, एवढंच. आणि कोविडमध्ये हिपॅटायटिस बीच्या १० सारखी मान्य रेषाच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीनंतरची प्रतिकारशक्ती जोखायला या टेस्ट वापरू नका.

कुत्रा चावल्यावर इंजेक्शनं घेतली. रेबीजचा टायटर काढू?

निरोगी माणसाने वेळापत्रकाप्रमाणे सगळे डोस घेतले असतील तर नको. इथे मान्य रेषा ०.५ आययू/एमएल आहे, पण ती तपासतात ते प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, किंवा पशुवैद्य, रेबीजच्या लॅबमधले कर्मचारी अशा सतत धोक्यात असणाऱ्यांत. चावल्यानंतर टायटरची वाट बघत डोस थांबवणं तर अजिबात नको. जखम खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं का, हे विचारा. टायटरपेक्षा तो प्रश्न जास्त कामाचा.

हाच ०.५ आकडा कुत्र्यालाही लागतो. मुलाकडे युरोपात कायमचं राहायला निघालेल्या एका आजी-आजोबांना मोतीला बरोबर न्यायचं होतं. लशीनंतर किमान ३० दिवसांनी त्याचं रक्त, मग ०.५ च्या वरचा रिपोर्ट, आणि रक्त दिल्यापासून तीन महिने थांबणं. आजी म्हणाल्या, आमच्या व्हिसाला एवढा वेळ लागला नाही.

टायफॉइडची लस घेतली, मग विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह कशी?

आताची कॉन्जुगेट लस (नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम घेऊन मुलांना दिली ती) टायफॉइडच्या जंतूच्या 'व्हीआय' या आवरणाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. विडाल बघते त्याच जंतूच्या 'ओ' आणि 'एच' या दुसऱ्या भागांविरुद्धच्या अँटिबॉडी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे विडाल वाढली तर दोष लशीवर ढकलता येत नाही, आणि विडाल निगेटिव्ह आली म्हणून लस लागली नाही असंही म्हणता येत नाही. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करा. विडालबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

उपाशीपोटी यायचं का? गोळ्या बंद करायच्या का?

उपाशी राहायची गरज नाही. गोळ्यांमध्ये एकच लक्षात ठेवा: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर सांगा. काही मशीन्स बायोटिनवरच चालणारी रसायनं वापरतात, आणि ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी घेऊन तासाभरात रक्त दिलं तर अँटी-एचबीएस खोटं कमी येऊ शकतं. आदल्या दिवशीपासून ती थांबवा. बाकी बीपीची, थायरॉइडची गोळी नेहमीसारखी घ्या, पोहे खाऊन या, आणि कार्ड आणा.